खरा योद्धा कोणास म्हणावे?

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर, ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या पट्टीत, घणसोली नावाचे एक जुने गाव आहे. आज त्याच्या सभोवती नवी मुंबई शहर उभे राहिले आहे. एका अंगास कारखाने, दुसऱ्या अंगास उंच इमारती, आणि मधून आगगाडीचा रस्ता गेलेला. तरी मूळ गावठाण व तेथील आगरी-कोळी घराणी अद्यापि आहेत. ह्या गावास त्या पट्टीत एक विशेष नाव आहे. लोक त्यास स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणतात, कारण इ. स. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात येथील शेतकरी पुढे झाले होते.

ह्या पाठात आपणांस त्याच शब्दाचा विचार करावयाचा आहे. 'स्वातंत्र्यसैनिक' ह्या शब्दाच्या पोटात 'सैनिक' हा शब्द आहे. सैनिक म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बंदूक, गणवेश, पलटण व पगार ह्या गोष्टी येतात. ज्या शेतकऱ्यांस व मिठागरांवरील मजुरांस हे नाव मिळाले, त्यांना पलटणही नव्हती आणि पगारही नव्हता. अंगावर बहुधा एक पंचा. हातात काठी घ्यावयाची नाही, अशी त्यांस उलट आज्ञा होती. असे असता त्यांस सैनिक कां म्हटले? हा शब्द लोकांनी केवळ आदर दाखविण्यासाठी योजिला असावा, किंवा सैनिकाविषयीची आपलीच कल्पना कोठे तरी अपुरी असावी. दुसरीच गोष्ट खरी आहे, असे ह्या पाठात दाखवावयाचे आहे.

वाचकांनी हा केवळ शब्दांचा कीस समजू नये. आमच्या खेड्यांतील मुलांस योद्धा कसा असतो हे आज चित्रपट शिकवितो, आणि हातातील मोबाइलचा पडदा त्याहूनही अधिक शिकवितो. त्यातील वीर एकटाच वीस जणांस लोळवितो, आणि त्याच्या अंगास धूळदेखील लागत नाही. मग बांधावरून तंटा झाला, किंवा लग्नाच्या वरातीत धक्का लागला, की तेच मूल मोठे होऊन कोयता घेऊन बाहेर पडते. त्यास मागे ओढणारा भित्रा ठरतो. दोघांच्या मध्ये उभा राहणारा तर दोन्हीकडचा मार खातो, आणि वर त्यासच लोक विचारतात की, तुला मध्ये पडावयास कोणी सांगितले होते? गावोगावच्या शिक्षकांनी व उपदेशकांनी ह्या मुलांपुढे योद्ध्याचे खरे चित्र ठेविले नाही, तर खोटे चित्र ती जागा भरून काढील. किंबहुना ते ती भरीत आहेच.

प्रथम आमच्या पूर्वजांचे मत पाहू. ते कागदावर फारसे नाही, दगडावर आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत वेशीपाशी, देवळाच्या आवारात किंवा ओढ्याच्या काठी उभा चिरा आढळतो, आणि त्यावर एकावर एक असे चौकोन खोदलेले असतात. त्यास वीरगळ म्हणतात. गावासाठी लढताना जो पडला त्याच्या स्मरणार्थ तो उभा केलेला असतो. तो खालून वर वाचावयाचा. अगदी खालच्या चौकोनात तो वीर कसा मेला ते असते. त्याच्या वर त्यास स्वर्गी नेत असल्याचे चित्र. त्याच्या वर तो देवाची पूजा करीत बसलेला. आणि माथ्यावर चंद्र व सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ह्याची कीर्ती राहो. खाडीपलीकडे साष्टीच्या बेटात, बोरिवलीजवळ एकसर येथे असे मोठे वीरगळ आहेत, आणि त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या गलबतांची लढाई कोरलेली आहे. ते शिलाहार राजांच्या काळातील मानतात.

परंतु खेड्यापाड्यांतील साध्या वीरगळांच्या खालच्या चौकोनात पुष्कळदा राजा नसतो, किल्लाही नसतो. गाई असतात. दोन-चार गाई एका बाजूस दाटीने उभ्या, आणि त्यांच्यापुढे एक मनुष्य अनेकांशी लढत आहे. त्या काळी शत्रूचे किंवा दरोडेखोरांचे लोक येत व गावची गुरे हाकून नेत. गुरे गेली म्हणजे नांगर गेला, दूध गेले, आणि पुढल्या वर्षीचे धान्यही गेले. अशा वेळी जो मनुष्य गुरे व लुटारू ह्यांच्या मध्ये उभा राहिला, आणि तेथेच पडला, त्याच्यासाठी गावाने दगड घडविला. त्याने किती जणांस मारले ह्याची मोजणी त्यावर नसते. तो जिंकला, असेही नव्हे. तो तर मेला. गावाने लक्षात ठेविले ते इतकेच की, मागे काय होते व हा पुढे कोठे उभा राहिला. आमच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या पूर्वजांची ही समजूत आजच्या पुष्कळ चित्रपटांहून शहाणपणाची होती, असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, हे एकट्या-दुकट्याचे झाले. मोठ्या सैन्याचे काय? त्यासाठी शिवाजी महाराजांचे एक पत्र पाहण्याजोगे आहे. इ. स. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणकडे महाराजांच्या घोडदळाचा मुक्काम पावसाळ्यासाठी पडला होता. त्या लष्कराच्या अधिकाऱ्यांस महाराजांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. सेनापती आपल्या स्वारांस पत्र लिहितो म्हटल्यावर आपण त्यात मोहिमेच्या व शत्रूच्या गोष्टी शोधू लागतो. ह्या पत्रात बहुतेक सगळा मजकूर गवत, दाणा, दिवा आणि उंदीर ह्यांविषयी आहे!

पत्राचा भाव असा आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच मनास येईल तसे उडविले, तर पुढे भर पावसात काही मिळणार नाही, आणि घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही शेतकऱ्यांच्या घरांत शिराल. कोणी धान्य उचलील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. जे गरीब कुणबी जीव धरून राहिले आहेत ते देशोधडीस लागतील, आणि त्यांस वाटेल की, ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून रयतेस काडीचाही त्रास देऊ नका. हवे ते बाजारातून पैसे देऊन घ्या. पुढे आणखी बारीक सूचना आहेत. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, चिलीम ओढू नये. रात्री दिवा तसाच जळत ठेवून निजू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवतास आग लागेल.

हे पत्र वर्गात सांगताना मुलांस एक प्रश्न विचारावा. चिपळूणच्या एखाद्या कुणब्याच्या परसात दुधीचा वेल आहे, आणि समोर भाला घेतलेला भुकेला स्वार उभा आहे. कुणब्याच्या हाती काही नाही. त्या वेळी त्या दुधीस कोण राखतो? भिंत राखीत नाही, कुत्रा राखीत नाही. स्वाराच्या मनात बसलेली आज्ञा राखते. शत्रूसमोर हात उचलणे ही शिपायाची एक परीक्षा. परंतु ज्यास प्रतिकार करता येत नाही अशा माणसासमोर आपला हात आवरणे ही दुसरी, आणि दुसरीत अधिक लोक नापास होतात. ज्याचे शस्त्र आज्ञेखाली नाही त्यास आमच्या भाषेत पूर्वीपासून दुसरे शब्द आहेत: पेंढारी, पुंड, दरोडेखोर. त्याच्यापाशीही तलवार असते, आणि धैर्यही असते. तरी त्यास वीर म्हणत नाहीत.

एवढे ध्यानात ठेवून आपण पुन्हा घणसोलीकडे येऊ.

आगरी हे नाव आगर ह्या शब्दावरून पडले असे सांगतात, आणि आगर म्हणजे मिठागर. खाडीकाठच्या ह्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग दुहेरी होता: खाऱ्या जमिनीस बांध घालून भात पिकविणे, आणि उधाणाचे पाणी वाफ्यांत घेऊन, उन्हाने आटवून मीठ धरणे. समुद्र दाराशी, ऊन फुकटचे, मेहनत स्वतःची. परंतु इंग्रज सरकारच्या कायद्याने परवान्यावाचून मीठ करणे हा गुन्हा होता, आणि प्रत्येक मणावर कर होता. किनाऱ्यावर आपोआप सुकलेले मीठ उचलणे हासुद्धा अपराध. हा कर श्रीमंतास आणि मजुरास सारखाच पडे. किंबहुना मजुरास अधिक, कारण ज्यास कालवण नाही तो मिठाबरोबरच भाकर खातो. मीठ हा गांधीजींनी निवडलेला विषय पुष्कळ पुढाऱ्यांस आरंभी क्षुल्लक वाटला होता. खाडीकाठच्या माणसास तो क्षुल्लक वाटण्याचे कारण नव्हते.

गांधीजी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून ७८ सोबत्यांसह निघाले, आणि ६ एप्रिलच्या सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले. त्यानंतर देशभर कायदेभंग सुरू झाला. महाराष्ट्रात कोकणच्या दक्षिण टोकास शिरोडे येथे व मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाले, आणि ठाणे-बेलापूर पट्टीतील गावेही त्यात उतरली.

परंतु निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १९३० मध्ये, गांधीजींनी आपल्या 'यंग इंडिया' पत्रात सत्याग्रहीसाठी नियम छापले होते. त्यांतील काही असे होते की, सत्याग्रहीने मनात राग ठेवू नये. विरोधकाचा राग सोसावा. मार पडला तरी उलट हात उचलू नये. पण शिक्षेच्या भीतीने आज्ञा मात्र मानू नये. येथवर पुष्कळांस ठाऊक असते. आणखी एक नियम होता, तो फार थोड्यांस ठाऊक आहे. लढा चालू असता कोणी सरकारी अधिकाऱ्याचा अपमान करू लागला किंवा त्याच्यावर हल्ला करू लागला, तर सत्याग्रहीने आपला जीव धोक्यात घालूनही त्या अधिकाऱ्याचे रक्षण करावे.

ह्या नियमापाशी थोडे थांबावे. एक फौजदार लाठी घेऊन आला आहे. त्याने तुमच्या भावाचे डोके फोडले आहे. मागे गर्दी खवळली आहे, आणि कोणी दगड उचलला आहे. अशा वेळी तुम्ही वळावयाचे, फौजदाराकडे पाठ करावयाची, आणि आपल्याच लोकांकडे तोंड करून तो दगड आपल्या अंगावर घ्यावयाचा. पुढून दगड, मागून लाठी. वीरगळावरील मनुष्यास निदान एकाच दिशेचा शत्रू होता, आणि ज्यांस तो राखीत होता ती आपल्या गावची गुरे होती. येथे राखावयाचा तो मनुष्य आपल्यावरच चालून आलेला आहे. कोणत्याही पलटणीत ह्याहून कठीण हुकूम शिपायास मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

हा नियम प्रत्यक्षात पाळला गेला काय? सर्वत्र नाही, हे मुलांपासून लपवू नये. २१ मे १९३० रोजी गुजरातेत धारासना येथील मिठाच्या कोठारावर सुमारे अडीच हजार स्वयंसेवक गेले. सरोजिनी नायडू त्यांच्या पुढारी होत्या. लोखंडी टोके बसविलेल्या लाठ्या घेऊन शिपाई उभे होते. एक रांग पुढे जाई, डोक्यांवर लाठ्या पडत, माणसे कोसळत. मग त्यांस उचलून नेत, आणि दुसरी रांग पुढे होई. वार चुकविण्यासाठी हातदेखील वर केले गेले नाहीत, असे वेब मिलर नावाच्या अमेरिकन बातमीदाराने लिहून जगभर कळविले. त्याने दवाखान्याच्या छपराखाली ३२० जखमी मोजले. दोघे मरण पावले.

आणि त्याच वर्षी, घणसोलीच्या दक्षिणेस उरण तालुक्यातील चिरनेर गावी, २५ सप्टेंबर रोजी जंगल सत्याग्रह झाला, त्याचा शेवट वेगळा झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर शेकडो शेतकरी, कोळी, कातकरी जमले होते. गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी आदी आठ गावकरी त्यात हुतात्मे झाले, आणि त्या गोंधळात सरकारी बाजूचेही काही जण मेले. चिरनेरच्या हुतात्म्यांचे मोल ह्याने तिळभर कमी होत नाही. पण जमाव एकदा उसळला म्हणजे नियम पाळविणे किती अवघड असते, हे तेथे दिसते. म्हणूनच ज्यांनी तो पाळला त्यांस 'सैनिक' म्हणणे हा केवळ आदर नव्हता. शिस्त, आज्ञापालन, ठरलेली जागा न सोडणे, आणि दुसऱ्यासाठी घाव घेणे: सैनिकाचे सर्व गुण त्यांच्यापाशी होते. बंदूक तेवढी नव्हती.

येथे वर्गातील एखादा हुशार मुलगा उभा राहून विचारील, आणि त्याने विचारावेच: "गुरुजी, मग ज्याच्या हाती बंदूक आहे तो योद्धा नाही काय? सीमेवरचा शिपाई कोण?" ह्या मुलास गप्प बसवू नये. त्यास दोन मराठी जवानांची गोष्ट सांगावी.

पहिले यशवंत घाडगे, तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे. मराठा लाइट इन्फंट्रीत ते नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटली देशात टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि त्यांच्यावाचून तुकडीतील प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, आणि उरलेल्यांशी हातघाईवर लढले. तेथेच लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. वय २२ वर्षांचे. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे.

दुसरे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे, त्याच मराठा पलटणीतील. त्यांचे काम निरोप पोहोचविण्याचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदी ओलांडताना पलीकडच्या तीरावरून तीन मशीनगनांनी अगदी समोरून मारा केला. कंपनीचा अधिकारी व इतर दोघे जखमी झाले, आणि सोबतचे बाकीचे मेले. न दुखावलेले एकटे जाधव राहिले. त्या वेळी त्यांनी प्रथम काय केले? एका जखमी माणसास पाठीवर घेतले. खोल पाणी, मग उंच निसरडा बांध, बांधापलीकडे पेरलेले सुरुंग. आणि वरून गोळ्या व तोफगोळे सारखे पडत असलेले. इतके ओलांडून त्यास सुरक्षित जागी ठेविले. नंतर तेच सर्व ओलांडून ते परत गेले, आणि दुसऱ्यास आणले.

पुढचा भाग सर्वांस पाठ असतो. ते तिसऱ्यांदा गेले, एकट्याने एक मशीनगन बंद पाडली. हात जखमी होऊन आपली बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बांनी उरलेल्या दोन्ही बंद केल्या. आणि बांधावर चढून, मराठ्यांची रणगर्जना करून, मागच्या कंपन्यांस पुढे येण्याची खूण केली. त्यांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते युद्धातून परतले, आणि १९८४ साली पुण्यास वारले.

मुलांस मशीनगनांची गोष्ट आवडेल, आणि ते साहजिक आहे. शिक्षकाने मात्र दुसऱ्या खेपेविषयी विचारावे. पहिल्या खेपेस मनुष्य काय करीत आहे ह्याचे भान पुरते नसते. रक्त तापलेले असते. पहिल्या माणसास ठेवून मागे वळताना ते भान येते. आता वाट ठाऊक झालेली आहे. सुरुंग कोठे असावेत, पाणी किती खोल, गोळ्या कोठून येतात, हे सर्व कळून चुकले आहे. परत न गेला तर कोणी दोष देणार नाही. एकास आणले एवढेही पुष्कळ झाले. अशा वेळी जो परत जातो त्यास भय नसते असे समजू नये. भय वाटत नाही तो योद्धा, ही समजूत मुलांच्या मनातून काढून टाकावी. ती त्यांस मोठेपणी फसविते. भय वाटल्याबरोबर आपण योद्धे नव्हेत असा निकाल ती मुले स्वतःच देतात, आणि पळतात.

पौलाने बंदिवासात असता इफिसकरांस जे पत्र लिहिले, त्याच्या सहाव्या अध्यायात शिपायाच्या साहित्याचे वर्णन आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. रोमी शिपाई त्याच्या रोजच्या पाहण्यातला होता. कमरबंद, उरस्त्राण, पायांतील जोडे, ढाल, शिरस्त्राण आणि तलवार, अशा सहा वस्तू तो सांगतो. सहांपैकी मारावयाची वस्तू एकच, आणि ती शेवटी येते. जोड्यांविषयी लोक फारसे बोलत नाहीत. परंतु रोमी शिपायाच्या जोड्यांच्या तळांस लोखंडी खिळे ठोकलेले असत, म्हणून घसरड्या जागीही पाय रोवून उभे राहता येई. आणि पत्रातील तो सर्व उतारा चाल करण्याविषयी नसून उभे राहण्याविषयी आहे. ढालीची गोष्ट ह्याहून लक्षात ठेवण्याजोगी आहे. रोमी ढाल मोठी, लाकडी, चामड्याने मढविलेली, अर्ध्याहून अधिक अंग झाकणारी असे. तटाकडे जाताना शिपाई दाटीने चालत. पहिली रांग ढाली पुढे धरी, आणि मागच्या रांगा डोक्यांवर. त्या रचनेस ते कासव म्हणत. मधल्या शिपायाने डोक्यावर धरलेली ढाल शेजाऱ्यासही झाकी, आणि त्याचा स्वतःचा पुढचा भाग दुसऱ्याच्या ढालीने झाकला जाई. एकाने घाबरून आपली ढाल आपल्याच पोटाशी ओढली, की भोक पडे, आणि त्यातून येणारा बाण बहुधा दुसऱ्यास लागे.

आता सीमेवरच्या शिपायाविषयी विचारणाऱ्या मुलास उत्तर देता येईल. बंदूक आहे म्हणून तो योद्धा होत नाही, आणि आहे म्हणून उणाही होत नाही. त्याच्या मागे कोण आहे, तो कोणाच्या आज्ञेत आहे, आणि हाती सापडलेल्या निःशस्त्र माणसाशी तो कसा वागतो, हे पाहावयाचे. युद्ध स्वतः चांगले की वाईट, हा प्रश्न ह्याहून मोठा आहे. त्याविषयी शहाण्या माणसांत मतभेद आहेत, आणि एका पाठात त्याचा निकाल लागावयाचा नाही. परंतु घाडगे, जाधव, मिठाच्या सत्याग्रहातील पंचेवाले, आणि वीरगळावरील नाव पुसलेला गुराखी हे एका रांगेत उभे करता येतात, आणि कोयता घेऊन वरातीत शिरलेला तरुण त्या रांगेत बसत नाही, एवढे मुलांस दाखविता आले तरी पाठाचे काम झाले.

घणसोलीच्या पट्टीस स्वातंत्र्यानंतरही एक प्रसंग आला, तोही थोडक्यात सांगावा. १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. ज्यांचे भातखाचर व मिठागर गेले त्यांस योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली शेतकरी लढले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व दास्तान फाटा येथे गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना सरकारने आणली. त्या योजनेचे भूखंड पाचांच्या घरी गेले, तसे जे त्या दिवशी घरीच बसले होते त्यांच्याही घरी गेले. ढालीचे असेच असते. तिच्याखाली कोण आहे हे ती विचारीत नाही.

शिक्षकांस एक सूचना आहे. हा पाठ वर्गात बसून पुरा करू नये. आपल्या गावात किंवा जवळच्या गावात वीरगळ आहे काय, ह्याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी. पुष्कळ ठिकाणी तो पिंपळाखाली आडवा पडलेला असतो, आणि कोठे कोठे धुणे धुण्यासही लाविलेला असतो. मुलांस तेथे न्यावे. गावकऱ्यांची परवानगी घेऊन, पाणी व मऊ कुंचला घेऊन, खालच्या चौकोनावरील माती हलक्या हाताने काढावी. लोखंडाने खरवडू नये, शेंदूर असल्यास त्यास हात लावू नये. मग मुलांनी आपापल्या पाटीवर त्या चौकोनाचे चित्र काढावे, आणि त्या माणसाच्या पाठीमागे काय कोरले आहे ते नीट पाहून लिहावे: गाई, होडी, घर, की आणखी काही.